तण मरत नाही म्हणून मात्रा वाढवायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वाशीम जिल्ह्यात पाच एकर सोयाबीन, सात-आठ वर्षं दर खरिपात इमॅझेथापायर या एकाच तणनाशकाची फवारणी. पहिली काही वर्षं रान स्वच्छ राहायचं. आता केना, कुर्डू आणि रेशीमकाटा उभेच राहतात. दुकानदार म्हणतो, पंपाला दीडपट टाका, नाहीतर नवीन ‘डबल’ औषध आलंय ते घ्या. शेजारी म्हणतो, पुढच्या वर्षी सरळ एचटीबीटी कापूस, म्हणजे तणनाशक सहन करणारा कापूस लावा आणि वरून ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. यातलं काय करावं?

मी कृषिविद्येचं शिक्षण घेतलं, काही वर्षं तणनाशकांच्या विक्रीच्या बाजूला काम केलं आणि त्यानंतर आजवर शेतकऱ्यांच्या बांधावर हेच प्रश्न पाहत आलो. म्हणून दोन्ही बाजूंचं सांगतो. या तिन्ही सल्ल्यांपैकी एकही घेऊ नका. कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी चौथा सल्ला आला तरी तुम्हाला तो पारखता येईल.

आधी हे नक्की करू, की तुमच्या शेतात तण खरोखर औषधाला दाद देईनासं झालंय की औषध त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही. तुम्ही लिहिलंय की सोळा लिटरचा बॅटरी पंप आहे, पंपाला ३० मिली टाकता आणि एकरात सात पंप पुरतात. आता हिशेब करा. दहा टक्के इमॅझेथापायरची शिफारस एकरी ४०० मिली आहे आणि पाणी धरलंय सुमारे २०० लिटर, म्हणजे सोळा लिटरचे साडेबारा पंप. पंपाला ३० मिली हा आकडा त्या बारा-तेरा पंपांसाठी आहे. सात पंपांत एकर उरकला तर पडतं २१० मिली, जेमतेम निम्मी मात्रा. दुकानात कोणीही ‘एकरात किती पंप मारता’ हे विचारत नाही. ‘पंपाला किती’ एवढंच बोललं जातं, आणि तणनाशकाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीनं केलंय. कीटकनाशकात पिकाच्या पानावर द्रावण किती तीव्र बसतं याला महत्त्व असतं. तणनाशकात एकरावर औषध एकूण किती पडलं हे मोजावं लागतं.

दुसरं, फवारणीची वेळ. पाऊस लागून राहिला, वाफसा नव्हता, म्हणून फवारणी तिसाव्या दिवशी झाली असं तुम्ही म्हणता. तोवर केन्याचे वेल जमिनीवर पसरून कांड्या-कांड्याला मुळं फुटलेली असतात. हे औषध तण दोन ते चार पानांवर असताना, म्हणजे पेरणीनंतर पंधरा ते वीस दिवसांत मारायचं आहे. मोठा झालेला केना पिवळा पडेल, थोडा आखडेल आणि पुन्हा फुटेल. तो औषधाला प्रतिकारक झाला असं त्यावरून म्हणता येणार नाही.

पण कुर्डूबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यानं मला काळजी वाटते. एकाच ओळीत एक झाड जळालेलं आणि हातभर अंतरावर त्याच वयाचं दुसरं हिरवंगार, त्याला काहीच झालेलं नाही. आणि अशी झाडं गेल्या वर्षी ज्या कोपऱ्यात राहिली, या वर्षी त्याच कोपऱ्यात दाट. प्रतिकारक तण असंच दिसतं. फवारणी चुकली असेल तर पट्टेच्या पट्टे सुटतात आणि त्या पट्ट्यात सगळ्याच जातींची तणं वाचतात. एकच जात वाचली, बाकी मेल्या, आणि वाचलेल्या झाडांशेजारी त्याच जातीची मेलेली झाडं दिसली, तर संशय घ्यायलाच हवा.

हे घडतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण ‘औषधामुळे तणाला सवय लागते’ अशी समजूत गावोगाव आहे. झाडाला सवय लागत नाही. तुमच्या शेतात कुर्डूची लाखो रोपं उगवतात. त्यात एखाद-दुसरं जन्मतःच थोडं वेगळं असतं. इमॅझेथापायर झाडाच्या आत ज्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं, त्या विकराची ठेवण त्या रोपात जरा निराळी असते, किंवा ते रोप औषध पचवून टाकतं. औषध म्हणजे चाळणी आहे. ती दरवर्षी तीच वापरली की वर दरवर्षी तेच उरतं. उरलेलं एक झाड हजारो बिया टाकतं, आणि पाच-सात वर्षांत शेत त्याच्याच वंशाचं होतं. अर्धी मात्रा मारली की थोडी कणखर असलेली झाडंही वाचतात आणि पुढच्या पिढ्यांत तो कणखरपणा साचत जातो. महाराष्ट्रात सोयाबीन सुमारे ५० लाख हेक्टरांवर आहे आणि त्यावर मोजकीच दोन-चार औषधं फिरतात. एवढ्या मोठ्या रानावर एकच चाळणी फिरते, हे लक्षात घ्या.

म्हणून दीडपट मात्रेचा सल्ला नको. ज्या झाडाच्या विकराची ठेवणच बदलली आहे ते दीडपटीनं मरत नाही. उलट इमॅझेथापायर जमिनीत बरेच दिवस टिकतं. जास्त पडलं तर रब्बीच्या ज्वारीला, मोहरीला, भाजीपाल्याला त्याचा फटका बसू शकतो. शिवाय लेबलाबाहेरची मात्रा वापरल्यावर पीक करपलं, तर तुमची तक्रार कोणी ऐकणार नाही.

आता ते ‘डबल’ औषध. तुम्ही पाठवलेल्या लेबलावर इमॅझामॉक्स ३५ टक्के आणि इमॅझेथापायर ३५ टक्के लिहिलंय. नावं दोन, पण दोन्ही झाडातल्या एकाच विकरावर काम करतात. जगभर तणनाशकांना त्यांच्या क्रियास्थानाप्रमाणे गट-क्रमांक दिलेले आहेत आणि ही दोन्ही गट २ मध्ये येतात. सोयाबीनमधली क्लोरीम्युरॉन आणि डायक्लोसुलामही त्याच गटातली. तुमचा कुर्डू गट २ ला दाद देत नसेल, तर या चारींतलं कोणतंही घ्या, बहुधा निकाल तोच लागेल. तुम्ही नवीन डब्याचे पैसे द्याल आणि तणावर मात्र जुनंच औषध पडेल.

यातली खरी मेख आणखी खोल आहे. समजा, तुम्ही दुकानदाराला म्हणालात की मला दोन वेगळ्या गटांचं मिश्रण द्या. तो प्रोपाक्विझाफॉप अधिक इमॅझेथापायर देईल. गट खरंच वेगळे आहेत, पहिलं गट १, दुसरं गट २. पण गट १ ची औषधं, म्हणजे क्विझालोफॉप, प्रोपाक्विझाफॉप, फ्लुआझिफॉप, क्लोडिनाफॉप, फक्त गवतवर्गीय तणं मारतात. कुर्डू रुंद पानाचा, त्याच्यावर त्यांचा काही परिणाम नाही. केना गवतासारखा दिसतो पण गवत नाही, त्यालाही ती लागत नाहीत. म्हणजे कुर्डूसाठी त्या मिश्रणात एकटं इमॅझेथापायरच काम करतं. मिश्रण घेताना ‘यातली किती औषधं माझ्या त्या एका तणाला मारतात’ हे विचारा. फ्लुआझिफॉप अधिक फोमेसाफेन किंवा क्लोडिनाफॉप अधिक ॲसिफ्लुओरफेन यांत फोमेसाफेन आणि ॲसिफ्लुओरफेन गट १४ ची आहेत, त्यांचं काम वेगळ्या ठिकाणी चालतं, म्हणून ती तुमच्या शेतात खरोखर बदल ठरतील. पण तीही रुंद पानांसाठी एकटीच आहेत. दरवर्षी तीच मारलीत तर पाच-सात वर्षांनी तुम्ही मला हाच प्रश्न फोमेसाफेनबद्दल विचाराल.

ऑस्ट्रेलियात डब्यावर हा गट छापणं सक्तीचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर तो ठळक दिसत नाही. ठळक दिसतं ते नाव. एकाच इमॅझेथापायरची कितीतरी नावं बाजारात आहेत, आणि त्यांना ‘सुपर’, ‘गोल्ड’, ‘अल्ट्रा’ अशी शेपटं. शेतकरी प्रामाणिकपणे सांगतो की ‘मी दरवर्षी औषध बदलतो’, आणि बिलं काढून पाहिली तर सगळ्या बिलांवर एकच रेणू, म्हणजे डब्यातलं मूळ औषध, असतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सांगण्यावर विसंबत नाही, थेट बिलंच मागतो.

विक्री कशी चालते तेही सांगतो, कारण त्याशिवाय हा सल्ला तुमच्यापर्यंत का आला ते कळणार नाही. मे महिन्यात, पेरणीच्या आधीच, माल दुकानात भरला जातो. जितका जास्त माल उचलाल तितकी जास्त सूट, वर ठरावीक उलाढाल झाली की सहल किंवा वस्तू. पाऊस लांबला तरी तो माल गोदामात पडून असतो आणि दुकानदाराचा पैसा त्यात अडकलेला असतो. जुलैमध्ये तुम्ही तणाचा फोटो दाखवता, तेव्हा तो गोदामात जे आहे त्यातूनच उत्तर शोधतो. सगळे दुकानदार लबाड असतात असं मी म्हणत नाही. अनेकांनी एक वर्षाचा कृषी निविष्ठा विक्रेत्यांचा पदविका अभ्यासक्रम केला आहे आणि त्यांना गट वगैरे माहीत असतात. पण ज्याच्याकडे तुमची मागच्या हंगामाची उधारी आहे, त्याच्या काउंटरवर तुम्हालाही ‘हे नको, ते द्या’ म्हणता येत नाही. उधारीच्या वहीत नाव असलेला शेतकरी औषध निवडत नाही, जे मिळेल ते घेतो. तणं प्रतिकारक होण्याच्या शास्त्रीय कारणांत हे कारण कुठे लिहिलेलं नसतं, पण माझ्या मते आपल्याकडे ते पहिल्या तीनांत आहे.

मग येतात प्रात्यक्षिक प्लॉट. हंगामापुरती नेमलेली मुलं गावात येतात, त्यांना विक्रीचं लक्ष्य दिलेलं असतं. एका चांगल्या शेतकऱ्याच्या रानात दोन तास काढलेली फवारणी होते, योग्य नोझल, पुरेसं पाणी, अचूक वेळ. दहाव्या दिवशी मेळावा भरतो, फोटो निघतात, व्हिडिओ फिरतात. त्या वेळी तण पिवळं पडलेलं असतंच. पंचविसाव्या दिवशी केना पुन्हा फुटतो तेव्हा तिथे कोणी नसतं. आणि तुलना कशाशी असते, तर अजिबात न फवारलेल्या पट्ट्याशी. शेजारी दोन डवरण्या आणि एक निंदण केलेला पट्टा ठेवला, दोन्हींचा एकरी खर्च आणि उतारा लिहिला, असा प्लॉट मागा. मागितल्याशिवाय तो मिळणार नाही.

फवारणीनंतर सोयाबीन थोडं पिवळं पडून थबकतं, त्याला ‘शॉक’ म्हणतात, आणि त्यावर टॉनिकची बाटली गळ्यात मारली जाते. मात्रा बरोबर असेल तर पीक दहा-पंधरा दिवसांत आपोआप सावरतं. ती बाटली घेऊ नका.

हे चक्र दुसरीकडे पूर्ण फिरून झालेलं आहे. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली डंडा या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून वापरलं गेलं. स्वस्त होतं. कित्येक जण ते वाळूत किंवा युरियात मिसळून हातानं फेकत, म्हणजे मात्रा कुठे जास्त, कुठे कमी. १९९२-९३ च्या सुमारास हिसारच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना हरियाणात असे गुल्ली डंडे सापडले की ज्यांच्यावर ते चालतच नव्हतं. काही शेतकऱ्यांना उभा गहू हिरवा कापून जनावरांना घालावा लागला. पुढे १९९७-९८ पासून क्लोडिनाफॉप, फिनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली, आणि काही वर्षांत अनेक ठिकाणी तीही कमी पडू लागली. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भात-गहू, भात-गहू असा ठरलेला फेर असलेल्या शेतांत हा त्रास सगळ्यात जास्त होता. मध्ये ऊस, सूर्यफूल, तूर, कापूस येत होता तिथे तो खूपच कमी होता.

अमेरिकेत ग्लायफोसेट सहन करणारं सोयाबीन १९९६ मध्ये आलं. १९९७ मध्ये ते बियाणं काढणाऱ्या मोन्सॅन्टो कंपनीच्याच शास्त्रज्ञांनी तणविज्ञानाच्या नियतकालिकात लिहिलं होतं की ग्लायफोसेटला तणं प्रतिकारक होण्याची शक्यता कमी आहे. ऑस्ट्रेलियात राय गवत तसं झाल्याची नोंद १९९६ मध्येच झाली होती. मग २००० च्या सुमारास डेलावेअरमध्ये घोडातण, आणि २००४-०५ मध्ये जॉर्जियाच्या कापसात पामर माठ, आपल्या तांदुळज्याचाच भाऊबंद. त्या माठानं काय केलं होतं, तर ग्लायफोसेट ज्या विकराला अडवतं त्याच्या जनुकाच्या पाच ते १६० प्रती तयार केल्या होत्या. औषध एकाला अडवणार, बाकीच्या चालू. त्यानंतर तिथे उपाय म्हणून काय विकलं गेलं? डायकांबा, १९६० च्या दशकातलं जुनं औषध, आणि ते सहन करणारं नवं बियाणं. २०१७ मध्ये ते वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांच्या सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला लागल्याचा अंदाज मिसुरी विद्यापीठानं मांडला. पहिल्या औषधाच्या अपयशावर दुसऱ्याचा बाजार उभा राहतो. आणि १९८० च्या दशकानंतर जवळपास तीस वर्षं नव्या क्रियास्थानाचं एकही मोठं तणनाशक बाजारात आलं नाही. म्हणजे ‘कंपनी काहीतरी नवीन काढेलच’ या भरवशावर राहू नका.

तुमच्या शेजाऱ्याच्या सल्ल्याचं उत्तर यातच आहे, पण तुमच्या शेतापुरतं आणखी एक. केना ग्लायफोसेटला मुळातच फारसा बधत नाही. जॉर्जियातच, ग्लायफोसेटच्या कापसात इतर तणं मेली आणि मोकळ्या झालेल्या रानात केना माजला. आपलाच केना, तीच जात. तो जमिनीखालीही फुलतो आणि तिथेच बी धरतो. तुमच्या शेतात केना आधीच आहे, म्हणजे एचटीबीटी लावून तुम्ही त्याच्यासाठी रान मोकळं करून द्याल. त्या बियाण्याला परवानगी नाही, त्यामुळे बिल नाही, उगवलं नाही तर दाद नाही. ग्लायफोसेटची नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागांसाठी आहे, आणि ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनं त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचं बंधन घातलं. २०१९ मध्ये अकोटला शेतकऱ्यांनी उघडपणे हे बियाणं लावलं, त्यामागची चीड मला कळते. निंदणाला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, हे खरं आहे. पण त्या अडचणीवर हा उपाय पाच-सहा वर्षांपेक्षा जास्त टिकणारा नाही.

मग करायचं काय? आता शेंगा भरतायत, तर फवारणी अजिबात नको. वाचलेला कुर्डू हातानं उपटा, आणि तुरा पांढरा पडून बी गळायला लागण्याआधी उपटा. पाच एकर उपटणं शक्य नसेल तर निदान तो दाट कोपरा. उपटलेली झाडं बांधावर टाकू नका आणि शेणखताच्या उकिरड्यावर तर नकोच, जाळून टाका. मळणी यंत्र तुमच्या शेतात येण्याआधी आणि शेतातून जाताना झाडून घ्या. बी एका शेतातून दुसऱ्यात जाण्याचा तो सगळ्यात सोपा रस्ता आहे.

पुढच्या खरिपात त्या शेतात पहिल्या पावसानं तण उगवू द्या, वखराची एक पाळी देऊन ते मारा, मग पेरा. पेरणी चार-सहा दिवस पुढे जाईल, पाऊसमान पाहून ठरवा. सोयाबीनच्या जागी दोन-तीन एकरांवर ज्वारी किंवा तूर फिरवता आली तर फारच उत्तम. सोयाबीनच ठेवायचं असेल तर पेरणीनंतर ओल असताना, उगवण्यापूर्वी पेंडीमेथॅलिन, ते गट ३ चं आहे. पंधरा-वीस दिवसांनी गरज पडली तरच गट १४ चं मिश्रण, तण दोन ते चार पानांवर असताना. केन्याला पेंडीमेथॅलिन फारसं रोखणार नाही, त्यासाठी वाफसा मिळताच डवरणी आणि त्यानंतर ओळीतलं हातानं. पहिले ३० ते ४५ दिवस रान स्वच्छ राहिलं की पुढे सोयाबीन स्वतःच जमीन झाकतं.

फवारणीआधी साध्या पाण्यानं एक गुंठा मारून पाहा. किती पाणी लागलं ते मोजा, ४० नं गुणा, ते तुमचं एकरी पाणी. एकरी औषध त्यात वाटून घ्या. नोझल चपट्या पंख्याचं किंवा फ्लड जेटचं लावा, कीटकनाशकाचं गोल फवारा देणारं नको. गढूळ पाणी नको. आणि प्रत्येक शेताच्या नावानं वहीत वर्ष, रेणूचं नाव आणि गट लिहा. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक असतो. औषध नकली असल्याचा संशय आला तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते, पण बिलाशिवाय ती टिकत नाही.

प्रतिकारकतेची खात्री घरीच बऱ्यापैकी करता येते. उपटण्याआधी वाचलेल्या कुर्डूच्या वीसेक झाडांचं पिकलेलं बी घ्या. तसंच बी कधीच न फवारलेल्या जागेवरून घ्या, गावाबाहेरचं पडीक रान, देवळामागचा उकिरडा, कुठूनही. दोन्ही सावलीत वाळवून वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी येते. जूनमध्ये कुंड्यांत पेरा, दोन्हींच्या सहा-सहा कुंड्या. चार पानांवर आली की दोन्हींपैकी दोन कुंड्या तशाच ठेवा, दोनवर पूर्ण मात्रा, दोनवर दुप्पट. दुप्पट मात्रा फक्त कुंडीत, शेतात नाही. तीन आठवड्यांनी पडीक रानातली रोपं मेलेली आणि तुमची हिरवी दिसली, तर फोटो आणि उरलेलं बी घेऊन अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तण व्यवस्थापन प्रकल्पात जा. बी भरपूर न्या, निदान दोन मुठी, थोड्या बियांवर त्यांना चाचणी करता येत नाही.